तुमचे प्रश्न, आमची उत्तरं: नाइल किनिक, त्याचा फुटबॉल आणि पारियाचं आखात

गेल्या अंकात एका छोट्या चौकटीत आम्ही दोन ओळी टाकल्या होत्या, की अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधला सगळ्यात मोठा मान म्हणजे हाइझमन ट्रॉफी, ती १९३९ साली जिंकलेला नाइल किनिक दुसऱ्या महायुद्धात नेव्हीचा पायलट झाला आणि वयाच्या २४ व्या वर्षी समुद्रात विमान पडून गेला. एवढंच. त्यावर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं, त्यामुळे यावेळचं अख्खं सदर त्यालाच दिलंय.

प्रश्न (नाशिक): माझा मुलगा आयोवा सिटीला मास्टर्स करतोय. व्हिडिओ कॉलवर त्याने स्टेडियम दाखवलं, बाहेर भला मोठा पुतळा आहे, पण अंगात खेळाचे कपडे नाहीत, साधे कॉलेजचे कपडे, आणि हेल्मेट पायाशी ठेवलेलं. मुलगा म्हणाला हाच तो किनिक, पण त्यापुढे त्यालाही काही सांगता येईना. हा माणूस नक्की कोण होता?

ताई, मुलाचा काही दोष नाही, तिथल्याही बऱ्याच पोरांना नाव आणि पुतळा याच्यापलीकडे फार माहीत नसतं. किनिकचा जन्म ९ जुलै १९१८ चा, आयोवा राज्यातल्या एडेल नावाच्या छोट्या गावातला. आईचे वडील जॉर्ज क्लार्क हे आयोवाचे गव्हर्नर होऊन गेलेले, म्हणजे घर तसं वजनदार, पण मंदीच्या काळात शेतीचं गणित बसेना म्हणून वडिलांनी शेजारच्या नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा शहरात नोकरी धरली आणि सगळं बिऱ्हाड तिकडे गेलं. लहानपणी पोरगा बेसबॉलही खेळायचा, आणि कॅचर म्हणून कुणाचे बॉल पकडायचा तर बॉब फेलरचे, जो पुढे अमेरिकेतल्या सगळ्यात वेगवान पिचरांपैकी एक म्हणून गाजला. एकाच भागातली दोन पोरं, काय योगायोग असतात बघा.

अंगकाठी म्हणाल तर जेमतेम पाच फूट आठ इंच. त्या खेळात ही उंची म्हणजे काहीच नाही, आणि तो फार जोरात पळायचा असंही नाही. पण त्याला सगळं यायचं, पळणं, फेकणं, लाथ मारणं, समोरच्याला आडवं करणं, शिवाय डोकं शांत. तो शिकत होता त्या आयोवा युनिव्हर्सिटीची टीम तेव्हा अगदी रडतखडत चाललेली, १९३७ च्या सीझनला एक मॅच जिंकली, १९३८ ला परत एकच. मग १९३९ ला एडी अँडरसन नावाचे नवे कोच आले, हे गृहस्थ पेशाने डॉक्टर, कोचिंग करता करता डॉक्टरकीही चालू. आणि त्या सीझनला त्याच आयोवाने आठपैकी सहा मॅच जिंकल्या, एक हरली, एक बरोबरीत सुटली. टीमने सीझनभरात १३० पॉइंट केले त्यातल्या १०७ मध्ये किनिकचा हात होता. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा छपाईची चूक वाटली होती, नाहीये.

त्या वर्षी हाइझमन मिळालीच, पण असोसिएटेड प्रेसने अमेरिकेतला वर्षातला सर्वोत्तम खेळाडूही त्यालाच निवडलं, आणि तेव्हा मैदानात होते बेसबॉलचा जो डिमॅजिओ आणि बॉक्सिंगचा जो लुई. अभ्यासातही पुढे, फाय बीटा कॅपा या हुशार विद्यार्थ्यांच्या जुन्या संस्थेत निवड झालेली. ब्रुकलिनच्या प्रोफेशनल टीमकडून १० हजार डॉलरची ऑफर आली होती, तेव्हाचे १० हजार म्हणजे कमी नव्हेत, आणि हा ती नाकारून आयोवाच्याच लॉ कॉलेजला गेला. आजोबांसारखं राजकारणात जायचं डोक्यात असावं असं बहुतेकांना वाटायचं, १९४० च्या निवडणुकीत रिपब्लिकन उमेदवार वेंडेल विल्की आयोवात सभेला आले तेव्हा त्यांची ओळख करून द्यायला स्टेजवर हाच होता.

पुतळ्याला खेळाचे कपडे का नाहीत याचं उत्तर यातच आलं असं मला वाटतं. मॅचच्या दिवशी आत जाताना खेळाडू त्या पायाशी ठेवलेल्या हेल्मेटला हात लावून जातात, मुलाला सांगा एखाद्या शनिवारी बघून ये.

प्रश्न (कोल्हापूर): आमच्याकडे फुटबॉल म्हणजे शाहू स्टेडियम आणि पाटाकडील विरुद्ध खंडोबा, ते अमेरिकन धक्काबुक्की आम्हाला कळत नाही. पण इंटरनेटवर वाचलं की किनिक सलग ४०२ मिनिटं मैदानावर होता. यात विशेष ते काय, आमची पोरं पण पूर्ण मॅच खेळतात.

खेळतात की, आणि उन्हात खेळतात, मान्य. पण फरक आहे तो समजून घ्या. आताच्या अमेरिकन फुटबॉलमध्ये बॉल आपल्याकडे असताना वेगळे अकरा जण आणि समोरच्याकडे गेला की दुसरेच अकरा जण उतरतात, वर फक्त लाथ मारायला तिसरा माणूस. १९३९ ला तसं नव्हतं, बदली खेळाडूंचे नियम कडक होते आणि आयोवाकडे बदलायला धड माणसंही नव्हती, म्हणून तेच अकरा जण हल्ला करायचे आणि तेच बचाव. मॅच ६० मिनिटांची. ४०२ मिनिटं म्हणजे साडेसहा मॅचहून जास्त वेळ हा माणूस एक मिनिटही बाहेर बसला नाही. त्या टीमला नावच पडलं आयर्नमेन.

त्यातली एक मॅच सांगतो, ११ नोव्हेंबर १९३९, समोर नॉत्र दाम युनिव्हर्सिटीची टीम, तोपर्यंत एकही मॅच न हरलेली. कोच अँडरसन स्वतः नॉत्र दामला शिकलेले आणि खेळलेले, म्हणजे घरच्याच अंगणाशी सामना. किनिकने एक टचडाऊन केला, म्हणजे बॉल समोरच्याच्या टोकाच्या रेषेपार नेला, त्याचे सहा पॉइंट, मग जादाचा एक पॉइंट ड्रॉपकिकने घेतला, म्हणजे बॉल हातातून सोडायचा, जमिनीला टप्पा लागला रे लागला की लाथ. आयोवा ७, नॉत्र दाम ६. त्या एका पॉइंटवर मॅच. पण मला स्वतःला आवडते ती त्या दिवशीची त्याची पंटिंग, म्हणजे बॉल आपल्याकडून जाणारच असेल तर निदान लांब भिरकावून समोरच्याला मागे ढकलायचं. १६ वेळा पंट केलं त्याने, मिळून ७३१ यार्ड. शेवटी शेवटी नॉत्र दामला त्यांच्याच टोकाशी कोंडणारी ६३ यार्डांची एक लाथ बसली आणि मॅच तिथेच संपली म्हणा ना. हे हायलाइट्समध्ये कुणी दाखवत नाही, पण जिंकवलं याने.

पुढच्या आठवड्यात मिनेसोटाविरुद्ध शेवटच्या क्वार्टरला ९-० ने मागे, तिथून दोन टचडाऊन पास फेकून १३-९. सीझनच्या शेवटच्या मॅचला नॉर्थवेस्टर्नविरुद्ध खांदा निखळला आणि ती ४०२ मिनिटं तिथे थांबली.

आणि ती जी एक मॅच हरले ना, ती मिशिगनविरुद्ध, २७-७. मिशिगनचे सगळेच्या सगळे २७ पॉइंट टॉम हार्मन नावाच्या एकट्या पोराचे. हे नाव लक्षात ठेवा, पुढे परत येतंय.

प्रश्न (नागपूर): सर, मी बी.ए. सेकंड इयरला आहे, एनसीसीत पण आहे. किनिकचं हाइझमनचं भाषण ऐकलं, त्यात तो सरळ म्हणतो की युरोपच्या रणांगणावर नसून मिडवेस्टच्या मैदानांवर झुंजतोय याबद्दल देवाचे आभार, आणि इथल्या खेळाडूंना शौर्यपदकापेक्षा ही ट्रॉफी मिळवायला जास्त आवडेल. मग हाच माणूस दोन वर्षांत फौजेत कसा? बदलला, की ते भाषण नुसतं टाळ्यांसाठी होतं?

मित्रा, प्रश्न भारी आहे, आणि दोन्ही नाही असं माझं मत. ते भाषण ६ डिसेंबर १९३९ चं, न्यूयॉर्कचं. युरोपात युद्ध सुरू होऊन तीन महिने झालेले, अमेरिका त्यात नव्हती आणि बहुतेक अमेरिकनांना त्यात पडायचंही नव्हतं, पहिल्या महायुद्धाच्या आठवणी घराघरात ताज्या होत्या. हा २१ वर्षांचा पोरगा, समोर सगळे सुटाबुटातले मोठे लोक, आणि कोच, सहकारी, पत्रकार यांचे आभार मानून झाल्यावर तो युद्धाचा विषय काढतो. काढायची काही गरज नव्हती, ट्रॉफी घेऊन खाली बसला असता तरी चाललं असतं. त्याने शौर्यपदक म्हणून नाव घेतलं ते फ्रान्सच्या क्रॉ द गेरचं. टाळ्या पडल्या हे खरं, पण त्याला खरंच तसं वाटत होतं.

मग १९४० ला फ्रान्स पडलं, लंडनवर बॉम्ब पडायला लागले, अमेरिकेत सक्तीच्या भरतीचा कायदा आला. किनिक लॉ शिकत होता, वाचणारा माणूस होता, घरी लांबलचक पत्रं लिहायचा. त्यानं नेव्हीच्या हवाई राखीव दलात नाव घातलं आणि ४ डिसेंबर १९४१ ला प्रत्यक्ष ड्युटीवर रुजू झाला, पर्ल हार्बरवर जपानने हल्ला करून अमेरिकेला युद्धात ओढलं त्याच्या बरोबर तीन दिवस आधी. हे तीन दिवस महत्त्वाचे आहेत, कारण पर्ल हार्बरनंतर रागाच्या भरात रांगा लावून भरती झालेले लाखो होते, हा त्यातला नाही. त्याने लिहून ठेवलंय की इतिहासातल्या ज्या ज्या माणसांना मी मानतो ते सगळे देश संकटात असताना आपणहून फौजेत गेले होते. म्हणजे युद्ध चांगलं असतं असं तो कधीच म्हणाला नाही, मी मागे राहून दुसऱ्याने जावं हे त्याला पटत नव्हतं. एनसीसीत आहेस तर हा फरक तुला माझ्यापेक्षा लवकर कळेल.

अजून एक. ट्रेनिंगला दक्षिणेकडच्या राज्यांत गेल्यावर तिथे काळ्या लोकांना कसं वागवतात ते बघून त्याने त्यावरही अस्वस्थ होऊन लिहिलंय. १९४० च्या दशकातला गोरा, गव्हर्नरचा नातू, स्टार खेळाडू, आणि त्याला हे खटकतंय. त्याची पत्रं आणि डायरी युनिव्हर्सिटी ऑफ आयोवा प्रेसने पुस्तकरूपात काढलीत, कॉलेजच्या लायब्ररीतून मागवता आलं तर बघ, भाषणापेक्षा तिथे माणूस जास्त सापडतो.

प्रश्न (पुणे): मी एअर फोर्समध्ये ग्राउंड स्टाफला होतो, आता रिटायर. आमच्या ग्रुपवर फॉरवर्ड आला की किनिकचं विमान शत्रूच्या गोळ्यांनी पेटलं होतं, आणि जहाजावर उतरलो तर सहकारी मरतील म्हणून त्याने मुद्दाम समुद्रात उडी घेतली. दुसरा एक जण म्हणतो नुसतं तेल गळून पडला, त्याला युद्धात गेला म्हणायचंच कशाला. खरं काय?

काका, तुम्ही इंजिनं हाताळलेली माणसं, तुम्हाला हे मी काय सांगायचं, पण बाकीच्या वाचकांसाठी सविस्तर लिहितो.

गोळ्याबिळ्या काही नाही. २ जून १९४३ ची सकाळ. यूएसएस लेक्सिंग्टन ही विमानवाहू नौका अगदी नवी कोरी, त्याच वर्षी फेब्रुवारीत नेव्हीत दाखल झालेली. आधीची लेक्सिंग्टन १९४२ च्या मे महिन्यात कोरल समुद्राच्या लढाईत बुडाली, तिचं नाव हिला दिलेलं. नवं जहाज लढाईवर पाठवण्याआधी जहाज, विमानं आणि माणसं सगळ्यांची एकत्र तालीम घेतात, ती चालू होती पारियाच्या आखातात, व्हेनेझुएला आणि त्रिनिदादच्या मधे. आपल्या लोकांना पटकन कळावं म्हणून सांगतो, पोर्ट ऑफ स्पेन याच आखाताच्या काठावर आहे, तेच जिथे १९७१ ला सुनील गावसकर पहिली टेस्ट खेळले. आजूबाजूला जपानी नाहीत, जर्मन विमानं नाहीत. साधी ट्रेनिंग फ्लाइट.

विमान होतं ग्रुमन एफ४एफ वाइल्डकॅट. दणकट, पण जुन्या धाटणीचं, चाकं वर घ्यायची तर पायलटने हाताने क्रँक फिरवायचा, जवळपास तीस फेरे, असं ते. तासाभराहून जास्त उड्डाण झाल्यावर किनिकच्या विमानातून तेल गळायला लागलं, आणि गळती एवढी की इंजिनात तेलच उरलं नाही. बाइकचं ऑइल संपलं आणि तरी चालवत राहिलं तर इंजिन सीझ होतं, तेच झालं, फक्त बाइकवर आपण रस्त्याच्या कडेला उभे राहतो. जमिनीपर्यंत पोचणं शक्य नव्हतं, जहाजापर्यंतही नाही. आणि त्या वेळी लेक्सिंग्टनच्या डेकवर उड्डाणाला तयार विमानांची गर्दी होती. अशा वेळी करायचं काय हे पायलटला शिकवलेलं असतं, चाकं आत ठेवून पाण्यावर उतरायचं. जहाजापासून साधारण चार मैलांवर त्याने तसंच विमान पाण्यावर उतरवलं. सुटकेच्या बोटी आठ मिनिटांत पोचल्या. तिथे पाण्यावर तेलाचा तवंग होता, बाकी काही नाही. मृतदेह कधीच सापडला नाही.

तो सहकाऱ्यांना वाचवायला मुद्दाम समुद्राकडे वळला ही गोष्ट अमेरिकेतही सांगतात, डेक भरलेला होता या खऱ्या तपशिलावर ती उभी राहिली. पण इंजिन बंद पडलेल्या विमानाला फार पर्याय नसतात हे तुमच्यासारख्यांना लगेच समजतं. त्याने शिकवलेलं बरोबर केलं, तरीही वाचला नाही. मला विचाराल तर हे त्या बनवलेल्या गोष्टीपेक्षा जास्त जड आहे, कारण सिनेमात माणूस निदान कशासाठी तरी मरतो, इथे ऑइल गेलं म्हणून गेला.

आता युद्धात गेला म्हणायचं का. माझं उत्तर स्पष्ट हो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या आर्मीच्या हवाई दलाने एकट्या अमेरिकेच्या भूमीवर, म्हणजे शत्रूचं तोंडही न बघता, ट्रेनिंग आणि बाकी अपघातांत सुमारे १५ हजार माणसं गमावली. कारखान्यातून विमानं घाईने बाहेर पडत होती, पोरं घाईने पायलट होत होती, मेकॅनिक घाईने शिकत होते. ही घाई युद्धाचीच ना? मग त्या घाईत गेलेला माणूस युद्धाने नेला नाही तर कुणी नेला? पहिल्या महायुद्धातलंही एक उदाहरण आहे, प्रिन्स्टनचा होबी बेकर, आइस हॉकी आणि फुटबॉल दोन्हीतला कॉलेज स्टार, फ्रान्समध्ये फायटर पायलट. लढाईतून जिवंत सुटला, ११ नोव्हेंबर १९१८ ला शस्त्रसंधी झाली, घरी परतायचे कागद हातात आले, आणि २१ डिसेंबरला दुरुस्त केलेलं एक विमान टेस्ट करायला वर नेलं, इंजिन बंद पडलं, गेला. अमेरिकेत कॉलेज हॉकीतला सगळ्यात मोठा पुरस्कार आज त्याच्या नावाने आहे.

आणि तो टॉम हार्मन, २७ पॉइंटवाला. १९४० ची हाइझमन त्याने जिंकली, तोही पायलट झाला, आर्मीत. एप्रिल १९४३ मध्ये, म्हणजे किनिकच्या दोनच महिने आधी, दक्षिण अमेरिकेच्या जंगलावर वादळात त्याचं बॉम्बर कोसळलं, विमानातला तो एकटा जगला आणि जंगलातून चालत बाहेर आला. मग त्याच ऑक्टोबरमध्ये चीनवर त्याचं फायटर पाडलं गेलं, पॅराशूटने उतरला, चिनी गनिमांनी लपवत लपवत परत पोचवला. लग्नात नवरीचा ड्रेस त्या पॅराशूटच्या रेशमाचा शिवला होता. एक दोनदा पडून परत आला आणि दुसरा एकदाच पडला, शांत आखातात, सकाळच्या प्रॅक्टिसला. यात शौर्याचं कमीजास्त कुठे मोजणार?

प्रश्न (पणजी): त्याच्या आईवडिलांचं काय झालं? आणि जपानमध्ये पण त्याच्या नावाचं स्टेडियम होतं म्हणतात, ते कसं काय, तो तर तिकडे कधी लढलाच नाही.

नाइल तीन भावांत थोरला. मधला बेन, तोही पायलट, बी-२५ बॉम्बर चालवायचा, पॅसिफिकमध्ये. सप्टेंबर १९४४ ला तो गेला. म्हणजे सव्वा वर्षात दोन मुलं, दोन्ही विमानात. धाकटा जॉर्ज राहिला.

वडिलांबद्दल एक सांगण्यासारखं आहे. युद्ध संपताना आयोवाचं स्टेडियम किनिकच्या नावाने करायची सूचना आली होती, वडिलांनी नको म्हटलं, एवढ्यांची मुलं गेली त्यात माझ्या एकट्याच्या मुलाचं नाव कशाला. ते नाव शेवटी १९७२ ला लागलं. तेव्हाही दुसरं एक नाव चर्चेत होतं, ड्यूक स्लेटर, आयोवाचाच जुना काळा खेळाडू, जो पुढे शिकागोत जज झाला. त्याचं नाव तिथल्या मैदानाला लागायला २०२१ उजाडलं. उशीर फारच झाला असं माझं मत, पण लागलं एकदाचं.

आता जपान. ही गोष्ट मला या सगळ्यात सगळ्यात जास्त घोळवत ठेवणारी वाटते, म्हणून थोडं लांबण लावतो. टोकियोत मेजी देवस्थानाच्या बाहेरच्या बागेत एक मोठं स्टेडियम होतं. २१ ऑक्टोबर १९४३ ला, किनिक जाऊन पाच महिनेही झाले नव्हते तेव्हा, भर पावसात तिथे हजारो कॉलेज विद्यार्थ्यांची परेड झाली. तोपर्यंत जपानमध्ये कॉलेजच्या मुलांना सक्तीच्या भरतीत सूट होती, ती काढून घेतली आणि युनिफॉर्म घातलेली, खांद्यावर रायफल घेतलेली ही पोरं पंतप्रधान तोजोसमोरून चिखल तुडवत गेली, गॅलरीत शाळा-कॉलेजच्या मुली निरोप द्यायला. यातले कितीतरी जण परत आले नाहीत, काही पुढे पायलट झाले, काही कामिकाझे, म्हणजे विमानासकट शत्रूच्या जहाजावर जाऊन आदळणारे.

युद्ध संपलं, अमेरिकन फौजांनी टोकियोचा ताबा घेतला, ते स्टेडियम आपल्या सैनिकांच्या खेळांसाठी घेतलं आणि त्याला नाव दिलं नाइल किनिक स्टेडियम. १९५२ ला ते जपानला परत मिळालं. म्हणजे जिथून जपानी कॉलेजची पोरं युद्धाला गेली त्याच जागेवर काही वर्षं एका अमेरिकन कॉलेजच्या पोराचं नाव होतं, जो त्याच युद्धात गेला, आणि ज्याचा भाऊ जपानशी लढताना गेला. नाव देणाऱ्यांच्या डोक्यात त्या पावसातल्या परेडचा विचार असेल असं मला तरी वाटत नाही, जिंकलेल्यांनी आपल्या माणसाचं नाव दिलं एवढंच. पण जागा तीच आहे.

पुढचं आपल्याला जवळचं. ते जुनं स्टेडियम पाडून तिथे नॅशनल स्टेडियम उभं राहिलं, १९५८ च्या एशियन गेम्सला मिल्खासिंग यांनी २०० आणि ४०० मीटरची दोन्ही गोल्ड तिथेच जिंकली. तेही पाडून नवं बांधलं, आणि त्याच जागेवर ७ ऑगस्ट २०२१ ला नीरज चोप्राचा भाला ८७.५८ मीटरवर पडला. आपला बीडचा अविनाश साबळे त्याच ऑलिंपिकमध्ये त्याच ट्रॅकवर ८ मिनिटं १८.१२ सेकंदांत स्टीपलचेस धावला, तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम होता तो. टीव्हीवर बघताना आपल्याला यातलं काहीच माहीत नव्हतं.

अमेरिकन नेव्हीच्या योकोसुका तळावरच्या हायस्कूलला मात्र किनिकचं नाव आजही आहे.

प्रश्न (ठाणे): अमेरिकेचं ठीक आहे हो, आपल्याकडे असं कुणी आठवतं का, खेळ आणि पायलट दोन्ही?

आठवतं, पण जरा वेगळं, आणि मी ते किनिकच्या रांगेत बसवणार नाही, कारण तिथे शेवट माहीत आहे आणि इथे नाही. फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे, ५ डिसेंबर १९७१, सुखोई-७ घेऊन पाकिस्तानातल्या शोरकोट तळावरच्या हल्ल्याला गेले आणि विमान पडलं. इथे खेळाडू होत्या त्यांच्या पत्नी दमयंती तांबे, बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, अर्जुन पुरस्कार मिळालेल्या. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. त्या दिवसांतल्या एका पाकिस्तानी पेपरात पकडलेल्या भारतीय पायलटांच्या यादीत टॉम्बे असं नाव छापून आलं होतं, तेव्हापासून त्या शोध घेत राहिल्या. दिल्लीत जेएनयूमध्ये क्रीडा विभागात नोकरी केली आणि जोडीने हे, मंत्री, अर्ज, शिष्टमंडळं. भारताच्या हिशोबाने असे ५४ जण बेपत्ता आहेत, पाकिस्तान म्हणतं आमच्याकडे कुणी नाही. २००७ ला काही नातेवाइकांना तिथल्या तुरुंगांत नेऊन दाखवलं, त्यातून काही हाती लागलं नाही.

किनिकच्या घरच्यांना निदान तारीख आणि जागा मिळाली होती. दमयंतीताईंवर आपल्याकडे जेवढं लिहायला हवं तेवढं लिहिलं गेलेलं नाही, हे सदर धरून.

प्रश्न (मुलुंड): मुलीकडे शिकागोला चाललोय, ऑक्टोबर-नोव्हेंबरला. आयोवा सिटीला हे स्टेडियम बघायला वाकडी वाट करून जाण्यात अर्थ आहे का?

मुलगी गाडी चालवत असेल तर आहे. शिकागोहून इंटरस्टेट ८० धरला की साधारण साडेतीनशे किलोमीटर, साडेतीन ते चार तास, दोन्ही बाजूला मक्याची शेतं, कंटाळा येणार हे आधीच सांगतो. मॅच शनिवारी असतात, सगळ्याच घरच्या मैदानावर नसतात, त्यामुळे टाइमटेबल बघून तारीख ठरवा आणि हॉटेल आधी बुक करा, मॅचच्या दिवशी गावात जवळपास ७० हजार माणूस येतं. लवकर आत जाऊन बसा, कारण मॅचच्या आधी स्टेडियममध्ये किनिकचं ते हाइझमनचं भाषण त्याच्याच आवाजात लावतात आणि उशिरा पोचणाऱ्यांचं ते हमखास हुकतं. पहिला क्वार्टर संपला की सगळं स्टेडियम उठून शेजारच्या मुलांच्या हॉस्पिटलच्या वरच्या मजल्याकडे हात हलवतं, २०१७ पासूनची पद्धत आहे, तेव्हा तुम्हीही उठा, बसून राहू नका. जाड जॅकेट आणि कानटोपी न्या, नोव्हेंबरात तिथे आपल्या महाबळेश्वरच्या स्वेटरने भागत नाही.